सावरडोचा स्टार्टर कुठून आणायचा, कसा पारखायचा? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरगुती बेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टिळकवाडीतल्या माझ्या ओट्यावर स्टार्टरची एक बाटली कायम असते. घरात तिला ‘पाव्हणा’ म्हणतात, कारण आधी त्याला खायला घालायचं आणि मग आपण जेवायचं. ज्यांनी ज्यांनी त्यातला वाटीभर नेला, त्यांचे फोन येतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून ते एकदाच लिहून काढले. (सावरडो म्हणजे दुकानातल्या यीस्टऐवजी घरच्या आंबवणावर फुगवलेला आंबटसर ब्रेड. उच्चार ‘सावरडो’. चिपळूणजवळच्या सावर्ड्याशी काही संबंध नाही. हेही एकाने विचारून झालंय.)

स्टार्टर म्हणजे नेमकं काय?

ब्रेडचं विरजण. पीठ आणि पाणी कालवून ठेवलं की पिठातलेच रानटी यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू त्यात वाढतात. दोघेही थोडाफार वायू सोडतात, पण पीठ फुगवायचं मुख्य काम यीस्टचं. जीवाणूंमुळे आंबटपणा येतो, आणि त्या आंबटपणात नको ते जंतू टिकाव धरत नाहीत. दह्यातलं चमचाभर बाजूला काढून पुढचं दही लावतो, तसंच इथे थोडा स्टार्टर राखून त्याला नवं पीठ-पाणी द्यायचं.

शेजारच्या अक्का वाटी घेऊन ‘हेप्पू’ मागायला येतात तेव्हा विरजण किती पिढ्यांचं आहे असं कधी विचारत नाहीत. काल दही घट्ट लागलं होतं का, तेवढंच विचारतात. स्टार्टर निवडताना अक्कांसारखं वागा.

आपल्याकडे मिळतो कुठे?

सगळ्यात चांगला स्टार्टर म्हणजे चालत जाऊन आणता येईल असा. केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या, बेकिंगचे क्लास घेणाऱ्या बायकांकडे चौकशी करा. बेळगावात दहा जणींना विचारलंत तर एकीकडे नक्की निघतो, आणि ती आनंदाने देते, कारण रोज खायला घातल्यावर जास्तीचं काय करायचं हा तिच्यापुढचा प्रश्न असतोच. निपाणी, चिकोडीकडच्यांना कोल्हापूर जवळ. खानापूर, कारवारकडच्यांना गोवा.

कॅम्पातल्या किंवा खडेबाजाराकडच्या जुन्या बेकरीत विचारायला हरकत नाही, पण बहुतेक ठिकाणी पाव बाजारच्या यीस्टवर होतो. तिथे स्टार्टर मागितलात की भट्टीवरचा माणूस ताजं यीस्ट कागदात बांधून देईल. ते वाईट नाही, पण ते आपल्याला हवं ते नव्हे.

ऑनलाइन सुकवलेला स्टार्टर मिळतो. घेताना पाकिटावरचे घटक वाचा. पीठ, पाणी आणि जिवंत कल्चर एवढंच असेल तर ठीक. ‘सावरडो पावडर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मालात नुसता आंबट चवीचा सुका भाग असतो आणि फुगवायचं काम त्यात घातलेलं साधं यीस्ट करतं. अशी पावडर दोन-तीनदा वाढवून बघितली की सोंग उघडं पडतं.

लांबून आणताना काय काळजी घ्यायची?

मी पहिला स्टार्टर पुण्याहून मे महिन्यात पार्सलने मागवला होता. पातळ, बाटली गळ्यापर्यंत भरलेली, झाकण घट्ट. बेळगावला पोचला तेव्हा बाटलीपेक्षा खोक्यात जास्त होता, आणि त्याचा वास दोन दिवस घरातून गेला नाही. चूक माझी. पाठवणारीला मी काहीच सांगितलं नव्हतं.

दूरचा प्रवास असेल तर घट्ट मागवा. शंभर ग्रॅम पिठाला पन्नास ग्रॅम पाणी, पोळीच्या कणकेहून कडक गोळा. घट्ट गोळ्यात आंबणं सावकाश चालतं, आणि सांडायला काही नसतं. डबा अर्धा रिकामा हवा. गोव्याहून चोर्ला घाटातून येणार असाल तर पातळही चालेल, फक्त निघताना नुकतं खायला घातलेला असावा आणि झाकण सैल असावं. घरी आल्यावर लगेच ब्रेड करायला घेऊ नका. दोन दिवस त्याला इथलं पीठ, इथलं पाणी अंगवळणी पडू दे.

सुकवलेला असेल तर त्याहून सोपं, पाकिटात घालून साध्या टपालानेही येतो. चमचाभर कोमट पाण्यात भिजवायचा, मऊ झाला की तेवढंच पीठ घालायचं. पूर्ण जागा व्हायला तीन ते पाच दिवस लागतात, तेव्हा पहिल्या दिवशी बुडबुडे दिसले नाहीत म्हणून पैसे परत मागायला जाऊ नका.

शंभर-दीडशे वर्षं जुना स्टार्टर मिळतोय. जास्त पैसे द्यावे का?

देऊ नका. गोष्टीसाठी द्यायचे असतील तर वेगळं.

गोष्टी झकास आहेत हे खरं. सॅन फ्रान्सिस्कोतली बूदँ बेकरी १८४९ पासूनचं आंबवण चालवते. १८४७ साली अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या वाटेवर गेल्याचं सांगितलं जाणारं एक आंबवण कार्ल ग्रिफिथ नावाचे गृहस्थ मागेल त्याला फुकट द्यायचे, आणि २००० साली ते गेल्यावर त्यांच्या चाहत्यांनी ते वाटणं चालू ठेवलं. बेल्जियममधल्या सांक्ट व्हिथ गावात तर २०१३ पासून जगभरच्या स्टार्टरांचं ग्रंथालय आहे, बाटल्या फ्रिजमध्ये ओळीने मांडलेल्या.

पण बाटलीत असतं ते काही १८४९ चं पीठ नव्हे. रोज नवं पीठ पडतं आणि पिठाबरोबर नवे जंतू येतात. बेकरच्या हातावरचेही येतात. २०२१ साली चार खंडांतले ५०० स्टार्टर तपासलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्टार्टर कुठल्या देशातला आहे, यावरून त्यात कोण राहतंय हे फारसं सांगता येत नाही, असं त्यात दिसलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या नावाने ओळखला जाणारा जीवाणूसुद्धा जर्मनी, इटली, फ्रान्सच्या आंबवणात सापडतो. तेव्हा घराणं विचारू नका, तब्येत बघा.

देणाऱ्याला काय काय विचारायचं?

आधी हे विचारा: शेवटचं खायला कधी घातलं होतं आणि त्यानंतर दुप्पट व्हायला किती तास लागले? या एका प्रश्नात सगळं येतं. ‘चार-पाच तास’ असं पटकन उत्तर आलं तर तो माणूस रोज बघतोय. ‘फुगतो की हो, रात्रीत कधीतरी’ असं आलं तर जरा थांबा. फ्रिजमध्ये दोन महिने पडून असेल तरी घ्यायला हरकत नाही, फक्त आठवडाभर सेवा करावी लागेल हे मनाशी धरा.

पीठ कुठलं वापरता हेही विचारा. मैद्यावर वाढलेला एकदम गव्हाच्या पिठावर आणला तर दोन दिवस गोंधळतो, म्हणून पहिल्या वेळी अर्धं-अर्धं घाला. आणि देणाऱ्याने केलेला ब्रेड खायला मागा. लाजू नका. स्टार्टरचं प्रगतिपुस्तक ते.

घरी आणल्यावर पारख कशी करायची?

सरळ उभ्या काचेच्या बाटलीत २० ग्रॅम स्टार्टर, २० ग्रॅम पीठ, २० ग्रॅम पाणी. ढवळून पातळीवर रबरबँड लावा. अंदाजे २६ ते २८ अंशांच्या खोलीत तो चार ते सहा तासांत दुप्पट व्हायला हवा, आणि हे लागोपाठ तीन वेळा व्हायला हवं. एकदा फुगणं म्हणजे काहीच नाही. तिसऱ्या वेळीही तेवढ्याच वेळात वर आला तर ठेवा.

नंतर एक कठीण पेपर द्या: एक भाग स्टार्टरला पाच भाग पीठ आणि पाच भाग पाणी, रात्री झोपताना. सकाळपर्यंत दहा-बारा तासांत वर येऊन माथा किंचित घुमटासारखा राहिला असेल तर तो घरातल्या कामाला लागला असं समजा. माथा खचून मधे खळगा पडला असेल तर भूक लागून वेळ झालाय, म्हणजे स्टार्टर चांगलाच आहे, तुम्ही उशिरा उठलात.

वजन काट्यावरच करा. वाटी-चमच्याने गव्हाचं पीठ दरवेळी वेगळं भरतं.

पाण्यात थेंब तरंगला तर चांगला, असं म्हणतात ना?

मैद्याच्या फुगलेल्या स्टार्टरला ठीक. गव्हाच्या पिठाचा जोरदार स्टार्टरही कधी कधी बुडतो, कारण कोंड्यामुळे वायू धरून ठेवायची ताकद कमी पडते. रबरबँड खोटं बोलत नाही.

कुणीच देणारं नाही. घरी करता येईल का?

येईल की. दहा-बारा दिवसांची सवड हवी, एवढंच. खरं तर मला विचाराल तर निम्म्या लोकांनी शोधाशोध करण्यापेक्षा घरीच करावा.

गिरणीवर दळलेलं ताजं गव्हाचं पीठ ५० ग्रॅम, पाणी ५० ग्रॅम. एक दिवस झाकून ठेवा. दुसऱ्या दिवसापासून रोज त्यातलं ५० ग्रॅम ठेवायचं, बाकी टाकायचं, पुन्हा ५०-५० ग्रॅम पीठ आणि पाणी. गिरणीत एक काळजी: आधी कुणाची हरभऱ्याची डाळ दळून झाली असेल तर तुमच्या पिठात बेसन येतं. ‘आधी गहू होऊ दे, मग माझं घाल’ म्हणून सांगा. गिरणीवाले नाक मुरडतात, पण ऐकतात.

साखर, मध, द्राक्षं काही नको. दुकानातलं यीस्ट तर अजिबात नको. ते घातलं की पहिल्या दिवशी फुगल्याचा आनंद मिळतो आणि पुढे ते आंबटपणात बहुधा टिकत नाही.

दुसऱ्या दिवशी बाटलीबाहेर आला आणि चौथ्या दिवसापासून मेल्यासारखा पडलाय. फेकू का?

फेकू नका! सगळ्यात जास्त स्टार्टर याच दिवशी मोरीत जातात.

पहिल्या दोन-तीन दिवसांत फुगवणारे असतात ते पिठातले दुसरेच जीवाणू. यीस्ट अजून जागं झालेलं नसतं. वासही घाण येतो, कुजक्या कोबीसारखा. मग आंबटपणा वाढला की हे पहिले पाहुणे जातात आणि सगळं सामसूम होतं. त्याच शांततेत यीस्ट वाढायला लागतं. रोजचं खाणं चालू ठेवा. सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास बारीक बुडबुडे दिसतात, आणि वास पिकलेल्या फळाकडे, ताकाकडे वळतो. थंडीत दोन आठवडेही लागतात. या सुरुवातीच्या दिवसांतलं टाकायचं पीठ खाण्यात वापरू नका, झाडाला घाला.

पीठ कुठलं चांगलं? खपली चालते का?

खाऊ घालायला गव्हाचं पीठ उत्तम, कारण कोंड्याबरोबर जंतू आणि त्यांना लागणारी खनिजं दोन्ही येतात. परदेशी पाककृतींत राय (गव्हासारखं तिकडचं धान्य) लिहिलेलं असतं, त्याच्यामागे धावू नका. नाचणीचं चमचाभर पीठ घातलंत तरी सुस्त स्टार्टरला हुशारी येते.

खपली हे आपल्या भागाचं धन. बेळगाव, बागलकोट, विजापूरकडे अजून पिकते, आणि खिरीला तिच्यासारखी दुसरी नाही. स्टार्टरला ती छान लागते, वास गोडसर येतो. पण तिचं ग्लुटेन (पिठाला ताण देणारं, वायू धरून ठेवणारं प्रथिन) कमजोर असल्याने फुगून लवकर बसते, तेव्हा रबरबँडचा हिशेब तिला तंतोतंत लावू नका. अख्खा ब्रेड खपलीचा केलात तर तो पसरट होणार. पिठात पाव हिस्सा घाला आणि समाधान माना.

मैदा घेताना पाकिटामागे १०० ग्रॅममध्ये प्रथिनं किती ते बघा. १० ग्रॅमच्या वर असेल तर ब्रेडला बरा. सुट्या मैद्याचं काही सांगता येत नाही.

नळाचं पाणी चालतं का?

राकसकोप धरणाचं असो की हिडकलचं, नळाला येतं ते क्लोरीन घालून. पातेल्यात रात्रभर उघडं ठेवलं की बराचसा उडून जातो. जुन्या घरांत विहीर आहे त्यांनी पाणी उकळून गार करून घ्यावं. पाणी अतिशुद्ध करणाऱ्या मशीनची चैन गरजेची नाही.

इडलीच्या पिठातून, दह्यातून किंवा माडीतून सुरुवात केली तर?

इडलीचं पीठ फुगतं ते मुख्यतः जीवाणूंमुळे, ब्रेडला लागतं तसं यीस्टचं बळ त्यात असेलच असं नाही. दह्यातले जीवाणू दुधाला सरावलेले. दोन्हींमुळे नुकसान नाही, पण फायदाही पिठा-पाण्यापेक्षा जास्त नाही.

माडीची गोष्ट निराळी. गोव्यात पोदेर (पाववाले) पूर्वी पाव माडाच्या सुरेवर, म्हणजे माडीवरच फुगवायचे, त्यात यीस्ट भरपूर असतं. ताजी मिळाली तर एकदा पाव करून बघा, चव विसरणार नाही. पण ती रोज ताजी लागते. बाटलीत सांभाळायचा स्टार्टर तिच्यावर उभा करू नका.

उन्हाळ्यात पातळ होतो, थंडीत हलत नाही. काय करावं?

बेळगावची हवा या कामाला वर्षातले सातआठ महिने फार चांगली. बाकीच्या दिवसांत थोडी युक्ती लागते.

एप्रिल-मेच्या दुपारी पारा ३५ च्या वर गेला की स्टार्टर दोन-तीन तासांत वर येऊन खचतो, आंबट आणि पाण्यासारखा होतो. तेव्हा पाणी माठातलं घाला, पीठ वाढवा (एकास पाच) आणि बाटली खानापूरच्या मातीच्या कुंडीत, तळाशी दोन बोटं पाणी घालून ठेवा. वर ओलं फडकं टाका. फ्रिजपेक्षा हे बरं, कारण आंबणं मंदावतं पण थांबत नाही.

पावसाळ्यात ऊब ठीक असते, पण ओल वाईट. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी, जांबोटीकडे भिंतीसुद्धा घाम गाळतात. पीठ घट्ट झाकणात ठेवा, बाटलीचा काठ रोज पुसा. बुरशी आधी काठावर लागलेल्या वाळक्या पिठावरच धरते.

डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बाटली ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा. ओव्हनला दिवा नसेल तर तांदळाच्या डब्यात, शेजारी गरम पाण्याची बाटली. घरातल्या कुणाला ओव्हन चालू करायच्या आधी आत बघायची सवय लावा. आमच्याकडचा पहिला पाव्हणा असाच भाजून निघाला.

वास आणि रंग बदललाय. टाकू की ठेवू?

नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास म्हणजे भूक. व्हिनेगरसारखा वास म्हणजे उशीर झालाय, किंवा व्हिनेगर करणारे जीवाणू त्यात वसलेत. असे स्टार्टर सावकाश फुगतात पण चवीला चांगले. वर करडं-काळपट पाणी साचलं तर ओतून द्या किंवा ढवळा, आणि खायला घाला.

गुलाबी किंवा नारिंगी रेघ दिसली, केसाळ बुरशी दिसली, तर बाटलीसकट विषय संपवा. वरचा थर काढून खालचं वाचवायचा मोह होतो. नको.

भांडं कुठलं?

काच. चिनी मातीची बरणी चालते, पण आत काय चाललंय ते दिसत नाही. स्टीलला काही होत नाही. पितळ, तांबं, अ‍ॅल्युमिनियम नको, आंबटाने कळकतं.

वारीला पंधरा दिवस जायचंय. पाव्हण्याचं काय?

खायला घाला, तासभर बाहेर ठेवा, मग फ्रिजमध्ये. घट्ट कालवलात तर महिनाभरही तग धरतो. आल्यावर दोन-तीन वेळा खायला घालून मगच ब्रेडला घ्या. जायच्या आधी एक वाटी मैत्रिणीकडे ठेवा, आणि थोडा बटरपेपरवर पातळ पसरून पंख्याखाली सुकवून, चुरून डबीत भरून ठेवा. लाईट गेली, फ्रिज बंद पडला, कुणी साफसफाईत बाटली ओतली, सगळ्यावर ही डबी उतारा आहे. माझा सध्याचा स्टार्टर अशाच डबीतून परत आलाय.

रोज उरतो त्याचं काय करायचं?

जोंधळ्याचं पीठ, कांदा, मिरची, कोथिंबीर घालून धिरडी. थालीपिठातही जातो. पण मुळात उरू का द्यायचा? १० ग्रॅम स्टार्टर सांभाळला तरी पुरतो, हवं त्या आदल्या रात्री वाढवायचा.

डायबेटिसला किंवा ग्लुटेन चालत नाही त्यांना हा ब्रेड चालतो का?

गव्हाचा ब्रेड आहे, ग्लुटेन आहेच. सीलिअॅकच्या (ग्लुटेन न सोसण्याचा आजार) रुग्णाने खाऊ नये. आंबवल्यामुळे रक्तातली साखर साध्या पांढऱ्या ब्रेडपेक्षा थोडी सावकाश चढू शकते, पण म्हणून अर्धा ब्रेड संपवायचा नाही. औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारा.

जैन शेजारणीला द्यावा का?

विचारून द्या. अंडं, दूध काही नसलं तरी आंबवलेलं, रात्र ओलांडलेलं कित्येक घरांत चालत नाही. न विचारता पाठवून तिला अडचणीत टाकू नका.

स्टार्टर तयार झाला. पहिला ब्रेड कसा करू?

मैदा ३०० ग्रॅम, गव्हाचं पीठ १०० ग्रॅम, पाणी २६० ग्रॅम, वर आलेला स्टार्टर ८० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम. परदेशी व्हिडिओत पाणी खूप जास्त सांगतात, पण आपल्या मैद्याला ते झेपत नाही. कालवा, दोन तासांत तीन-चारदा ओढून घडी घाला, एकूण पाच-सहा तासांत दीडपट झालं की गोळा वळून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी २३० अंशांवर तापवलेल्या झाकणाच्या बिडाच्या भांड्यात वीस मिनिटं झाकून, वीस उघडं. (बेळगावच्या उद्यमबागेत एवढ्या फाउंड्र्या असून बिडाचं झाकणाचं भांडं बाहेरून मागवावं लागतं, हे मनाला जरा लागतंच.) दोन तास गार झाल्याशिवाय कापू नका.

तुमच्याकडचा मिळेल का?

मिळेल. संध्याकाळी सहानंतर या, तेव्हा तो वर आलेला असतो. बाटली तुमची आणा, निम्मी रिकामी राहील एवढी मोठी, आणि झाकणाला आधीच भोक पाडून आणा.